ठिपकूचा मुक्काम

स्वयंपाकघरात कुठल्यातरी डब्याचं झाकण टण्णकन फरशीवर पडलं, आणि नुसतं पडून न राहता गोलगोल फिरत, आपली सगळी हौस भागवून घेत, बऱ्याच वेळाने निजलं.

सुकन्याने श्वास धरला. शेजारी चटईवर साडेचार वर्षांची दिशा आत्ता कुठे झोपली होती. दुपारी दोन ते साडेतीन, एवढाच काय तो वेळ दिवसात सुकन्याचा स्वतःचा. आणि तोसुद्धा दिशाच्या पापण्यांवर अवलंबून. दिशाने कूस बदलली, अंगठा तोंडात घातला. पापण्या मिटलेल्याच राहिल्या.

मांजर असेल, अशी सुकन्याने मनाची समजूत घातली. पण मांजर असं विचारत नाही : "सुकन्ये, साखरेचा डबा बदलला व्हय गं? मी आपला चहापत्तीत हात घातला."

शेजारच्या बनाकाकू. आत आलेल्याच होत्या. शिंगणापुरात कुणी येत नाही, आलेलंच असतं. गावात घरांना चौकटी असतात, दारं नसतात. बाहेरगावच्या यात्रेकरूंना याचं केवढं कौतुक! चौकटीला टेकून फोटो काढतात, "कमाल आहे बुवा" म्हणतात, आणि आपापल्या कुलपांच्या गावी परत जातात. सुकन्याचं माहेर राहुरीचं. तिथं दाराला खाली कडी, वर बोल्ट, आणि बाबांना झोप लागावी म्हणून आतून एक आडवी फळीसुद्धा. सहा वर्षांपूर्वी लग्न होऊन ती इथं आली, तेव्हा नुसता पडदा ओढून झोपायची भीती तिला एक दिवसही वाटली नाही. निदान चोरांची तरी नाही. भीती वाटली ती बनाकाकूंची. चोर आला तर घ्यायचं ते घेऊन निघून तरी जातो.

"वरच्या फळीवर बघा काकू," ती कुजबुजली आणि परत मॉनिटरकडे वळली. तेव्हा तिला दिसलं, की पडद्यावरच्या फोटोतल्या बाळाच्या नाकाला डास चावलाय.

राहुरीत बिभीषणभाऊंचा फोटो स्टुडिओ होता. लग्नं, साखरपुडे, वाढदिवस यांचे फोटो भाऊ काढायचे आणि ते साफसूफ करून अल्बम लावायचं काम सुकन्या घरून करायची. नवरदेवाच्या कपाळावर ऐन मुहूर्ताला उगवलेली पुटकुळी, मामांच्या सफारीवरचं वरण, करवलीच्या डोळ्यांखालची जागरणं. सगळं ती माऊसच्या टोकाने पुसून काढायची. आजूबाजूच्या दोन तालुक्यांतले कितीतरी नवरदेव आपल्या अल्बमात गुळगुळीत दिसतात ते कुणामुळे, हे कुणाला ठाऊक नव्हतं. तिला होतं. तेवढ्यावर तिचं मन भरायचं.

गेल्या आठवड्यात मात्र भाऊंचा फोन आला. "ताई, पुण्याच्या एकाने सॉफ्टवेअर दाखवलंय. हजार फोटो, एक तास. आपण चहा पिऊन येईस्तोवर सगळे चेहरे लख्ख." मग जरा थांबून म्हणाले, "मी म्हटलं, आमच्या ताईंचा डोळा त्याला कुठून यायचा? एवढा घोडेगावच्या संस्कृतीचा वाढदिवस होऊ दे. मंगळवारी अल्बम द्यायचाय. मग बघू."

डोळ्याचं कौतुक तिने एकदाच ऐकलं. "मग बघू" मात्र आठवडाभर कानात वाजत राहिलं. दिशा झाल्यावर सगळंच सुटलं होतं. ऑफिस सुटलं, मैत्रिणी सुटल्या, बनाकाकू सोडल्या तर स्वतःचं नाव ऐकायचीही सवय सुटली. हे काम तेवढं हाताला लागलं होतं.

तर संस्कृती. लग्नानंतर नऊ वर्षांनी झालेली पोर, पहिला वाढदिवस, शेतात मांडव, दोनशे बारा फोटो. आणि पहिल्याच फोटोत नाकावर लालबुंद बारीक ठिपका. सुकन्याने तो पुसला. पुन्हा आला. पुन्हा पुसला. आठव्या वेळी तिने फोटो जरा बाजूला सरकवला, तर डास नाकावरून उठून गालावर. पुढच्या फोटोत तो मामांच्या मिशीवर बसला, त्याच्या पुढच्यात केकवर, आणि मग फुग्यावर. फुग्याला डास चावत नाही, एवढं जीवशास्त्र तिला येत होतं.

"काय झालं गं?" बनाकाकू साखरेची वाटी घेऊन मागे उभ्या.

"काही नाही काकू. मॉनिटरला काहीतरी झालंय."

"बगू," म्हणून काकूंनी नाक काचेला लावलं. "अगं बया! तांबडा डोळा हाय की ह्यो."

संध्याकाळी नवरा घरी आला. पंकज राहुरीच्या विद्यापीठात कारकून. कुठलाही प्रश्न फायलीवर घेतल्याशिवाय त्याला दिसत नसे. त्याने मोबाईलवर बरंच वाचलं आणि जाहीर केलं, "पिक्सेल अडकलाय. हा पडदा म्हणजे वीस लाख बारीक ठिपके असतात. हुकूम येईल तसा रंग बदलतात. त्यातला हा एक लालवरच अडकून बसलाय."

"म्हणजे बाकीचे एवढे लाख इमानाने राबतायत आणि हा एकटा संपावर?"

"एकटाच आहे म्हणून तर दिसतो," पंकज म्हणाला. पुढे कितीतरी दिवस सुकन्याला हे वाक्य अधूनमधून आठवत राहिलं. पंकजला ते आपण बोललो हेही ठाऊक नसेल.

या संपकऱ्यावर खूश झालेलं घरात एकच माणूस होतं. दिशा.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. दार नसलेल्या घरात सुकन्याने एक दार केलं होतं. कॉम्प्युटरच्या टेबलापासून फरशीची तिसरी ओळ. आई कामाला बसली की दिशाने त्या ओळीच्या पलीकडे थांबायचं. अख्ख्या गावात तेवढंच एक दार, आणि ते पाळणारीही गावात एकटी दिशाच. बनाकाकू त्यावरून दिवसातून चारदा जायच्या. दिशा ओळीवर पायाची बोटं बरोबर जुळवून उभी राहायची आणि विचारायची, "आई, झालं?" आणि सुकन्या वळून न बघता म्हणायची, "थोडंच राहिलं."

त्या संध्याकाळी तिने स्वतःच हाक मारली. "दिशू, ये. तुझे डोळे बारीक आहेत. सांग बघू, हा अजून तिथेच आहे का?"

दिशाने आधी ओळीकडे बघितलं, मग आईकडे, आणि चोरपावलांनी आत आली. मांडीवर चढून तिने त्या लाल कणाकडे इतकं टक लावून पाहिलं, की सुकन्याला तिच्या मानेवरच्या घामाचा आंबूसगोड वास बराच वेळ घेता आला.

"हा झोपत नाही?" दिशाने विचारलं.

"नाही ना. तेच तर."

"ह्याचं नाव ठिपकू," दिशा म्हणाली. नाव पडलं आणि ठिपकू घरचा झाला.

शनिवारी सकाळी पंकजने कंपनीच्या तक्रार-नंबरवर फोन लावला. अर्धा तास संगीत ऐकवून झाल्यावर पलीकडच्या बाई गोड आवाजात म्हणाल्या, "सर, दोषाचं चित्र पाठवा." पंकजने पडद्याचा स्क्रीनशॉट काढून पाठवला. दहा मिनिटांत उत्तर आलं : आपण पाठवलेल्या चित्रात कोणताही दोष आढळला नाही. बरोबरच होतं. दोष काचेत, चित्र कॉम्प्युटरच्या पोटातलं. ताप आलेल्या माणसाने डॉक्टरकडे स्वतःची जन्मपत्रिका पाठवावी तसं झालं. मग मोबाईलने फोटो काढून पाठवला. बाई म्हणाल्या, "सर, मला दोन ठिपके दिसतायत."

"एकच आहे मॅडम. दुसरा तुमच्या मॉनिटरवर असेल."

पलीकडून कुणीतरी काच पुसल्यासारखा आवाज. मग बाईंचा आवाज जरा कमी गोड झाला. "सर, नियमानुसार किमान पाच ठिपके असल्याशिवाय मॉनिटर बदलून मिळत नाही."

हे ऐकायला समोरच्या घरातले कानिफनाथतात्या हजर होते. तात्यांनी चाळीस वर्षं विहिरींवरच्या मोटारी दुरुस्त केल्या होत्या, आणि ज्या यंत्राला वंगण लागत नाही ते यंत्रच नव्हे, असं त्यांचं मत होतं. "पाच पायजेत न्हवं?" ते म्हणाले. "मंग त्यात काय! अजून चार पाडू." आणि कुणी अडवायच्या आत त्यांनी मॉनिटरच्या पाठीवर एक सणसणीत थाप मारली. मॉनिटर थरथरला, दिशा टाळ्या पिटायला लागली, पडदा क्षणभर काळा झाला आणि परत आला. त्या काळोखातसुद्धा ठिपकू एकटा लाल राहिल्यासारखा सुकन्याला वाटला. बहुधा भास असावा.

"येक झाली," तात्या म्हणाले. "दर दोन तासानं मारीत ऱ्हावा. आमच्या टायमाचा रेडू असाच बरा झाल्ता."

शेवटी पंकजने मोबाईलवरच्या एका व्हिडिओतला उपाय काढला. एक प्रोग्राम असतो. तो ठिपक्याच्या जागी लाल, हिरवा, निळा, पांढरा असे रंग सेकंदाला कितीतरी वेळा उडवतो. तो बारा तास चालू ठेवायचा. अडकलेला ठिपका गोंधळून सुटतो म्हणे. सुकन्याला वाटलं, बारा तास असं डोळ्यांत रंग उडवले तर मी पण कुठल्याकुठे सुटेन. पण चालू केला. काम थांबलं. अल्बमचे दोनशे बारा फोटो, शनिवारची दुपार, आणि खोलीभर उडणारे रंग.

शनिवारी शिंगणापुरात काय गर्दी असते ते सांगायला नको. घर देवळाच्या रस्त्यावर, चौकटीला पडदा पोपटांचा, आणि पडद्यामागून लाल-निळा-हिरवा उजेड लपलपतोय. सुकन्या दिशाला घेऊन गच्चीवर कपडे काढायला गेली. दहा मिनिटं झाली असतील. खाली आली तर चौकटीबाहेर चपलांचे सात जोड ओळीने सोडलेले. आत सात माणसं हात जोडून उभी. आणि त्यांच्या पुढे, मॉनिटरच्या बाजूला, पुजाऱ्याच्या थाटात बनाकाकू.

"ताई," एका बाईंनी अदबीने विचारलं, "हे कशाचं दर्शन आहे?"

"दर्शन न्हाई ओ," काकूंनीच उत्तर दिलं. "ह्येची साडेसाती काढतोय."

काकूंचं देवळापाशी पूजासाहित्याचं दुकान. तेल, रुईच्या पानांचे हार, काळे उडीद. लोकांच्या साडेसातीवर त्यांनी तीन मुली उजवल्या होत्या आणि त्यांची श्रद्धा मात्र अगदी निखळ होती. दुकानातलं पहिलं तेल रोज स्वतः वाहूनच त्या गल्ल्यावर बसायच्या. आपल्या शेजारणीच्या यंत्राला त्यांनी फुकट दिलं म्हणजे केवढी माया! वाटीत बोट बुडवून त्यांनी ठिपकूवर तेलाचा एक थेंब अगदी हळुवार टेकवला होता. तो थेंब आता ओघळून संस्कृतीच्या वाढदिवसावरून खाली, मॉनिटरच्या कडेच्या फटीपर्यंत पोचला होता.

सुकन्याने हातातले कपडे खाली टाकून दोन्ही हात तोंडावर धरले. काकूंनी त्याचा अर्थ कृतज्ञता असा घेतला. "असूं दे गं," त्या म्हणाल्या. "शेजारधर्म हाय."

सात जणांनी जाताना टेबलावर एक नारळ ठेवला.

रविवार तेल काढण्यात गेला. मऊ फडकं, कोमट पाणी, पुन्हा कोरडं फडकं. बारा तास रंग उडवूनही ठिपकू जागचा हलला नव्हता. उलट तेलामुळे त्याच्याभोवती आता इंद्रधनुष्याचं एक वलय आलं होतं, एखाद्या संतासारखं. दिशाला तिने छोटा स्टूल दिला. दोघी मिळून काच पुसत बसल्या. सुकन्याने पुसायचं, दिशाने श्वास सोडून काचेवर वाफ धरायची. "हाऽऽ" करून दिशा वाफ सोडायची आणि म्हणायची, "ठिपकूला थंडी वाजत असेल." दुपारी ती झोपलीच नाही. सुकन्याला आधी राग आला. मग लक्षात आलं, की आपण दोन तास नुसत्या हसतोय.

पण रात्रीच्या स्वयंपाकाची वेळ झाली तशी तिने कॅलेंडरकडे पाहिलं. उद्या सोमवार. सोमवारी नमुना पाठवायचा, मंगळवारी अल्बम. दिशा तिसऱ्या ओळीपलीकडे परत गेली आणि सुकन्या कामाला बसली. सोमवारी पहाटे उठून बसली, दिशाला अंगणवाडीत सोडून येऊन बसली. तीन दिवस ठिपक्याशी झुंजून तिच्या हाताला एकच गोष्ट कळत होती. ठिपका दिसला की पूस. गालावर दिसला, पूस. कपाळावर दिसला, पूस. हा ठिपकू की फोटोतला डाग, याचा विचार करायलाही वेळ नव्हता; ठिपकू असेल तर जाणार नाही, फोटोतला असेल तर जाईल. जात होते. भराभर जात होते. सगळं मूळ फोटोंवरच साठवत, साडेअकरापर्यंत तिने दोनशे बारा चेहरे लख्ख केले आणि पाठवून दिले. मग ओट्यापाशी उभ्या उभ्या दोन घास खाल्ले. फार बरं वाटलं. पुण्याच्या सॉफ्टवेअरपेक्षा काही तासच जास्त लागले होते.

दुपारी चार वाजता बाहेर मोटारसायकल थांबली. चौकटीबाहेरून एक अनोळखी, करारी आवाज आला : "आत येऊ का?"

सहा वर्षांत या चौकटीत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. सुकन्याला ते माणूस न बघताच आवडलं. हे आवडणं साधारण अर्धा मिनिट टिकलं.

आत आल्या त्या संस्कृतीच्या आजी, रतनबाई. सत्तरीच्या, नऊवारी, कपाळभर कुंकू. मागे बिभीषणभाऊ, चेहरा असा की आपण फक्त मोटारसायकल चालवली, बाकी आपला काही संबंध नाही. रतनबाईंनी पाणी घेतलं, ग्लास खाली ठेवला आणि म्हणाल्या, "फोटू लई झाक केल्यास पोरी. पर माज्या नातीची तीट कुठं गेली?"

सुकन्याला कळायला वेळ लागला. तीट. बाळाच्या डाव्या गालावर लावलेला काजळाचा काळा टिळा. साठ-पासष्ट फोटोंमधला. पुसला. भराभर पुसला.

"आजी, अल्बममध्ये ना... चेहरा स्वच्छ छान दिसतो म्हणून..." तिने तोंडाला येईल ते बोलायला सुरुवात केली.

"सोच्छ?" रतनबाई म्हणाल्या. "ती काय घाण हुती?"

"मूळ फोटो असतील ना ताई?" बिभीषणभाऊ पुटपुटले.

"त्यांच्यावरच साठवले. तुमच्याकडे कार्डात?"

"कार्डावर श्रीरामपूरचं लग्न चढलं काल."

थोडा वेळ तिघंही श्रीरामपूरच्या लग्नाविषयी मनात वाईट बोलले असावेत. सुकन्याने डोळे मिटले. संपलं. आता "मग बघू" सुद्धा नाही. तिला वाटलं रतनबाई आता नजर लागण्याबद्दल बोलतील, नऊ वर्षांनी झालेल्या लेकराबद्दल बोलतील, आणि आपण मान खाली घालून ऐकू. पण रतनबाई उठून मॉनिटरपाशी आल्या.

"मला दाव," त्या म्हणाल्या. "ह्या समद्या फोटूत मी कुठं हाय ते दाव."

सुकन्या फोटो सरकवत गेली. आई, बाबा, मामा, मावश्या, सोसायटीचे चेअरमन, केक, फुगे, केक, चेअरमन. दोनशे बारा फोटो संपले. रतनबाई नव्हत्या. एका फोटोच्या कडेला, मांडवाच्या मागे, चुलीच्या धुरात पळी धरलेला एक हात होता. मनगटावर हिरव्या बांगड्या.

"त्यो माजा हात," रतनबाई म्हणाल्या. "चारशे मानसाचा सैपाक. दीसभर चुलीम्होरं. फाटं सा वाजता तिला आंगुळ घातली, ह्या बोटानं तीट लावली, नि गेले. म्हनलं, आपन नसलो म्हनून काय झालं, आपलं बोट हाय तिच्या गालावर." आणि अगदी साधेपणाने, तक्रारीचा सूर न काढता पुढे म्हणाल्या, "तेवडीच हुते मी त्यात. तू काडलीस."

बिभीषणभाऊ नारळाकडे बघत राहिले. सुकन्याच्या मोबाईलमध्ये दिशाचे चार हजार फोटो होते, आणि सगळे तिने काढलेले. त्यांतल्या एकात भिंतीवर तिची सावली पडली होती. तो फोटो वाईट आला म्हणून तिने गेल्याच महिन्यात काढून टाकला होता.

"आजी," ती म्हणाली, "परत लावूया. तुम्हीच लावा."

दिशाच्या काजळाची डबी काढली. पांढरा कागद घेतला. "तुम्ही बोटाने कागदावर एक तीट लावा, मी तिचा फोटो काढून सगळीकडे बसवते."

"येकच समदीकडं?" रतनबाईंनी तिच्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "अगं, सकाळची तीट नि सांजची तीट येक कशी आसंल? पोरगी गाल चोळती, तिची आय मुका घेती, केक लागतो. फोटू दाव. मी सांगते."

मग त्या दोघी बसल्या. रतनबाई फोटो बघायच्या, वेळ विचारायच्या, बोट काजळात बुडवायच्या आणि कागदावर टेकवायच्या. सकाळची गोल, ठसठशीत. अकराची कडेला जरा फिसकटलेली. केकनंतरची अर्धी. मामाने उचलून फिरवल्यानंतरची नुसती सावली. "न्हाई, अजून खाली. कानाकडं. हां. येवडी मोठी न्हाई गं, पोर हाय का म्हस?" भाऊ कागद धरायला बसले, सुकन्या फोटो काढून एकेक तीट एकेका गालावर बसवू लागली. तालुक्यातल्या गालांवरचे डाग काढण्यात जिचा हात धरणारं कुणी नव्हतं, ती आज डाग बसवत होती, आणि जन्मात इतकं नाजूक काम तिने केलं नव्हतं. दिशा कधी तिसरी ओळ ओलांडून स्टुलावर येऊन बसली ते कुणाला कळलं नाही. बोटाला उरलेलं काजळ रतनबाईंनी न विचारता तिच्या गालाला पुसलं.

चाळिसावा फोटो असेल. रतनबाई थबकल्या. "ह्ये तांबडं काय लागलंय? कुंकू सांडलं का काय?"

"तो ठिपकू आहे," दिशा म्हणाली.

"मॉनिटरचा आहे आजी. जात नाही. सगळं करून झालं."

"जात न्हाई म्हंजे?" रतनबाईंनी पदराचं टोक जिभेला लावलं, अंगठ्यावर गुंडाळलं, डाव्या हाताने मॉनिटरची मान धरली आणि शेंबड्या पोराचं नाक पुसावं तसा अंगठा काचेवर दाबून एकदा, दोनदा, तीनदा फिरवला. काच त्या जागी पाण्यासारखी लहरली. सुकन्याने किंकाळी गिळली.

अंगठा निघाला. ठिपकू नव्हता.

पंकजचं म्हणणं पडलं, की बारा तासांच्या रंगांनी तो आतून सैल झालेला होताच. तात्या म्हणाले, "माजी थाप हळूहळू लागू पडती." बनाकाकूंनी पुढच्या शनिवारी देवाला जास्तीचं तेल वाहिलं आणि कुणाच्या नावाने ते अख्ख्या रांगेला सांगितलं. रतनबाईंना मात्र आपण काही विशेष केलंय असं वाटलंच नाही. त्या चाळिसाव्या फोटोकडे वळून म्हणाल्या, "हितं जरा उजवीकडं घे."

निघताना मोटारसायकलला किक मारायच्या आधी बिभीषणभाऊ घुटमळले. "ताई, त्या सॉफ्टवेअरनेही तीट काढलीच असती."

"हो," सुकन्या म्हणाली. खोटं कशाला बोला.

"पण त्याच्या शेजारी आजी बसल्या नसत्या." त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "श्रीरामपूरचं लग्न उद्या पाठवतो. आणि चेहऱ्यावरचं काही काढायच्या आधी एक फोन करत जा."

या शेवटच्या वाक्याने तिच्या अभिमानाला चांगलीच ठेच लागली. पण लग्न येणार होतं. "मग बघू" गेलं होतं.

मंगळवारी दुपारी दोन वाजता श्रीरामपूरचं लग्न आलं. नवरदेवाच्या कपाळावर, अगदी अपेक्षेप्रमाणे, पुटकुळी. पडदा स्वच्छ होता. वीस लाख ठिपके निमूट हुकमात. घरात शांतता. बनाकाकूसुद्धा दुकानात. कामाला बसायला याहून चांगली दुपार महिन्याभरात मिळाली नव्हती.

मागे स्टूल सरकल्याचा आवाज झाला. सुकन्याने वळून पाहिलं. दिशा झोपली नव्हती. छोटा स्टूल दोन्ही हातांनी पोटाशी धरून ती उभी होती, तिसऱ्या ओळीवर, पायाची बोटं बरोबर जुळवून. गालावर कालची तीट, झोपेत घासून अर्धी झालेली.

"आत येऊ?" तिने विचारलं. अगदी रतनबाईंच्या आवाजात.

"दिशू, आईचं काम आहे ना गं. ठिपकू आता बरा झाला."

दिशाने मान वाकडी करून लांबूनच पडद्याकडे बघितलं. डावीकडे, वरून वितीभर खाली, जिथे तो असायचा. बराच वेळ बघितलं. मग स्टूल हळूच ओळीच्या पलीकडेच खाली ठेवला.

"आई," ती म्हणाली, "परत कधी बिघडेल?"